पीयूचे पार्ट गरमीत का जातात, आणि रसायनात नेमकं काय बदलायचं

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखं ओतीव प्लास्टिक. त्याची तक्रार नेहमी एका वाक्यात येते: "पीयू गरमीनं गेला." फाउंड्रीतला वाळूच्या पट्ट्यावरचा स्क्रॅपर असो, साखर कारखान्यातल्या गरम पाण्याच्या लाइनवरची सील असो, नाहीतर कोल्हापूरकडून रिकोटिंगला आलेला रोलर असो, चलनावर तेवढंच लिहिलेलं असतं. मग त्याच मटेरियलमध्ये नवा पार्ट ओतला जातो. तोही जातो. ग्राहक म्हणतो, "जरा हार्डनेस वाढवा की." शोअर ए ९० चा ९५ होतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्री आणि हायड्रॉलिकची कामं एवढी आहेत, आणि चिकोडी, हुक्केरी, गोकाक बाजूला साखर कारखाने एवढे आहेत, की पीयू ओतणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच. हार्डनेस वाढवणं हा गरमीवरचा इलाज नव्हे. हार्डनेस खोलीच्या तापमानाला मोजलेली असते, आणि पार्टला काम करायचं असतं ८० किंवा १०० अंशांवर. शिवाय "गरमीनं गेला" या दोन शब्दांत किमान पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात, आणि प्रत्येकासाठी रेणूचा वेगळा भाग बदलावा लागतो. म्हणून ऑर्डर घेण्याआधी गेलेला पार्ट हातात मागून घ्या. तो फेकून दिला असेल तर पुढचा मोडेल तेव्हा जपून ठेवायला सांगा.

गेलेला पार्ट काय सांगतो

पहिली परीक्षा सोपी आहे. तुकडा ओव्हनमध्ये पार्टच्या कामाच्या तापमानाला तासभर ठेवा, बाहेर काढल्याकाढल्या शोअर मीटर लावा, मग पूर्ण थंड करून पुन्हा लावा. गरम असताना हार्डनेस पडली आणि थंड झाल्यावर परत आली, तर रसायन तुटलेलं नाही, पीयू फक्त मऊ पडतोय. थंड झाल्यावरही परत आली नाही, तर साखळ्या तुटल्यात. इथूनच दोन रस्ते वेगळे होतात, आणि बहुतेक लोक ही परीक्षाच करत नाहीत याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण तिला फक्त एक ओव्हन आणि एक मीटर लागतो.

त्यानंतर डोळ्यांनी बघा. पृष्ठभाग तपकिरी, आधी चिकट आणि मग बारीक चिरा पडलेला असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनचं काम आहे. पॉलिइथर पीयूमध्ये हे जास्त. नुसता पिवळेपणा मात्र मोजू नका. टीडीआय किंवा एमडीआय (आयसोसायनेट नावाची मूळ रसायनं) यांचा पीयू उजेडात पिवळा पडतोच, त्यानं ताकद फारशी जात नाही. पार्ट आतपर्यंत भुसभुशीत झाला असेल, नखानं तुकडा पडत असेल, आणि तो पॉलिएस्टर असेल, तर तो पाण्यानं गेलाय. गरम पाणी आणि वाफ एस्टरचे बंध तोडतात, आणि ५० अंशांच्या वर हा वेग चांगलाच वाढतो. साखर कारखान्यातल्या तक्रारींत हाच प्रकार मला सर्वांत जास्त दिसतो. हायड्रॉलिकच्या सीलमध्येही तेलात पाणी शिरलं की हेच होतं आणि दोष मात्र तेलाच्या तापमानावर जातो.

रोलर कापून बघा. वरून साल चांगली आणि मध्यभागी वितळल्यासारखा चिकट, काळपट गोळा असेल, तर बाहेरची गरमी नाही, ती रोलरनं स्वतः तयार केलेली आहे. पीयू प्रत्येक फेऱ्यात दाबला जातो आणि सुटतो, त्यातली काही ऊर्जा उष्णता होऊन आत राहते. पीयूची उष्णता वाहून न्यायची क्षमता फारच कमी, मीटर-केल्व्हिनला साधारण ०.२ वॅट, त्यामुळे ती बाहेर पडायला वाट नसते. आणि पाचवा प्रकार: पीयू अख्खा शाबूत, पण लोखंडावरून स्वच्छ सोलून निघालेला. तो प्रायमरचा आणि शॉट ब्लास्टिंगचा प्रश्न आहे. पीयूची साखळी कितीही बदला, हा प्रश्न मिटणार नाही.

साखळीत काय असतं

पुढचं समजायला एवढंच धरून चला. पीयू म्हणजे लांब मऊ धागे आणि त्यांना जागोजागी बांधणाऱ्या कडक गाठी. धागे पॉलिओलचे असतात: पीटीएमईजी (हा पॉलिइथर), पॉलिएस्टर, पॉलिकॅप्रोलॅक्टोन नाहीतर पॉलिकार्बोनेट. गाठी आयसोसायनेट आणि चेन एक्स्टेंडर (साखळी लांबवणारं छोटं रसायन) मिळून करतात. या गाठींचे छोटे कडक पुंजके वेगळे जमतात आणि हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. तापमान वाढलं की आधी ते हायड्रोजन बंध ढिले पडतात, पुंजके विरघळायला लागतात, आणि पार्ट मऊ होतो. युरेथेनचा रासायनिक बंध स्वतः त्याच्या बराच पुढे, आयसोसायनेट अॅरोमॅटिक (बेंझिनचं कडं असलेला) आणि अल्कोहोल साधं असेल तर सुमारे २०० अंशांपाशी उलटा फिरायला लागतो.

म्हणजे ९० अंशांवर मऊ पडणाऱ्या स्क्रॅपरला साखळी तुटण्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्या गाठी नीट रचलेल्या नाहीत. टीडीआयमध्ये हे व्हायचंच, कारण तो बहुतेक वेळा २,४ आणि २,६ अशा दोन रूपांचं मिश्रण असतो आणि २,४ चा रेणू एका बाजूला कललेला असतो. असे रेणू सरळ ओळीत बसत नाहीत. पीपीडीआय आणि एनडीआय हेही आयसोसायनेटच, पण सममित, कडक रेणू. ते घट्ट रचले जातात, जवळजवळ स्फटिकासारखे, म्हणून त्यांच्या गाठी जास्त तापमानापर्यंत टिकतात. साधा ओतीव पीयू सतत ८० ते ९० अंशांचा गडी आहे. पीपीडीआय आणि एनडीआयचा १२० अंशांच्या आसपास काम करतो, थोडा वेळ त्याच्याही वर. वुल्कोलान नावानं जे मटेरियल प्रसिद्ध आहे ते एनडीआयचंच.

आधी भट्टी आणि वजन तपासा, मग महाग रसायन मागवा

पीपीडीआयचा प्रीपॉलिमर (आयसोसायनेट आणि पॉलिओल आधीच जोडून ड्रममध्ये येणारा अर्धा तयार माल) टीडीआयच्या कित्येक पट महाग पडतो. तो मागवण्याआधी तुमच्या सध्याच्या टीडीआय-मोका (मोका म्हणजे नेहमीचा एक्स्टेंडर) पार्टमधून जेवढी गरमी सोसण्याची ताकद मिळायला हवी तेवढी मिळतेय का हे बघा. बऱ्याच वेळा मिळत नसते, आणि कारण रेसिपीत नसून प्रमाणात असतं.

उदाहरण घ्या. ६.३ टक्के एनसीओचा (एनसीओ म्हणजे आयसोसायनेटचा अजून न जुळलेला गट) प्रीपॉलिमर, २ किलो. एनसीओचं तुल्यभार ४२, म्हणजे यात २००० × ६.३ ÷ ४२०० = ३ तुल्य आहेत. मोकाचं तुल्यभार १३३.५. पूर्ण १०० टक्क्यांला, म्हणजे सगळ्या एनसीओला पुरेल एवढा, ४०० ग्रॅम मोका लागेल, ९५ टक्क्यांला ३८० ग्रॅम. फरक फक्त २० ग्रॅमचा. काट्यावर टाकलेल्या मगात चिकटून राहिलेला मोकासुद्धा एवढा असू शकतो.

आता पावसाळा धरा. जून ते सप्टेंबर बेळगावात हवा किती ओली असते ते सांगायला नको. खानापूर बाजूला तर विचारूच नका. उघडा राहिलेला ड्रम हवेतली ओल ओढतो. १ ग्रॅम पाणी जवळपास पावणेपाच ग्रॅम एनसीओ खातं आणि साधारण १.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. बुडबुडे दिसतात म्हणून त्याकडे लक्ष जातं, पण एनसीओ कमी झालेला दिसत नाही. समजा ६.३ चा ५.९ झाला. तुम्ही नेहमीचेच ३८० ग्रॅम मोका टाकलेत. कागदावर ९५ टक्के, प्रत्यक्षात १०१. आता एनसीओ उरत नाही, साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे आडवे बंध होत नाहीत, आणि पार्ट दाबाखाली गरमीत बसतो, परत वर येत नाही. म्हणून उघडलेल्या ड्रमवर कोरडा नायट्रोजन सोडा, झाकण लगेच लावा, आणि पावसाळ्यात प्रत्येक ड्रमचा एनसीओ डायब्युटिलअमाइन टायट्रेशननं काढून मगच मोकाचं वजन ठरवा. ब्युरेट, हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्रोमोफिनॉल ब्लू अशा साध्या सामानावर हे होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेलं कुणीही पोर हे शिकून रोज करू शकतं.

उलट बाजूही आहे. काही जण कॉम्प्रेशन सेट (दाब काढल्यावरही उरणारा कायमचा दबलेपणा) सुधारण्यासाठी मोका मुद्दाम ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवतात. उरलेला एनसीओ बाययुरेट आणि अॅलोफेनेटचे आडवे बंध करतो. खोलीच्या तापमानाला हे बंध चांगले, पण १०० ते १३० अंशांच्या दरम्यान ते सुटायला लागतात. म्हणजे ७० अंशांच्या कामाला ही युक्ती चालते, ११० अंशांच्या कामाला ती दगा देते. तिथे टिकाऊ आडवा बंध हवा असेल तर थोडं ट्रायमेथिलॉलप्रोपेन घाला. थोडंच, जास्त झालं तर गाठी रचल्या जात नाहीत आणि फाटण्याची ताकद पडते.

थंडीतला एक वेगळा त्रास. पीटीएमईजीचा प्रीपॉलिमर डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी मेणासारखा घट्ट होतो. ड्रमच्या कडेनं वितळलेला भाग काढून वापरू नका. पूर्ण ड्रम वितळू द्या, ढवळा, मग घ्या.

आणि पोस्ट क्युअर, म्हणजे ओतल्यानंतर ओव्हनमध्ये पार्ट पुरता पकवणं. टीडीआय-मोकाला १०० अंशांवर १६ तास हा रूढ हिशेब आहे, आणि त्यानंतरही आठवडाभर पार्टचे गुण वाढत राहतात. रात्री लाइट जाते, ओव्हन थंड होतो, सकाळी पार्ट काढून गाडीत जातो. अशा पार्टच्या गाठी अर्धवट रचलेल्या असतात, आणि पहिल्याच गरम दिवशी तो बसतो. ओव्हनच्या डायलवर विश्वास न ठेवता साच्याजवळ थर्मोकपल लावा आणि तापमानाची नोंद कागदावर राहील असं बघा. रात्रपाळीचा माणूस कन्नड वाचणारा असेल तर बॅच शीट मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. आपल्याकडे अर्धे गोंधळ शीट न वाचल्यानं होतात, आणि हा खर्च शून्य आहे.

गाठी बदलायच्या तर

प्रमाण, ओल आणि क्युअर तिन्ही बरोबर असून पार्ट ९० अंशांवर मऊच पडत असेल, तर आता रसायन बदला. माझ्या मते पहिली पायरी आयसोसायनेट नव्हे, एक्स्टेंडर. टीडीआयचा प्रीपॉलिमर तोच ठेवून मोकाच्या जागी एमसीडीईए हा दुसरा एक्स्टेंडर वापरता येतो. गरमीत ताकद टिकण्यात आणि रोलरच्या आतल्या उष्णतेत त्याचा फायदा होतो. वजन मात्र नव्यानं काढा: त्याचं तुल्यभार सुमारे १९० आहे, त्यामुळे वरच्याच २ किलोला ९५ टक्क्यांसाठी मोकाच्या ३८० ग्रॅमऐवजी साधारण ५४० ग्रॅम लागेल. पॉट लाइफही (मिश्रण ओतण्याजोगं राहण्याचा वेळ) वेगळा येतो, म्हणून आधी लहान मिश्रण करून घड्याळ लावा.

मोका सोडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी हळू आवाजात सांगणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. तो कातडीतून शरीरात जातो. आपल्याकडे पोरं उघड्या हातानं त्याचे दाणे मगात ओततात. हातमोजे, वितळवण्याच्या भांड्यावर धूर ओढणारा पंखा, आणि १४० अंशांच्या वर कधीही न तापवणं, एवढं तरी आजपासून करा.

एमडीआयच्या प्रीपॉलिमरसोबत ब्युटेनडायॉल या एक्स्टेंडरऐवजी एचक्यूईई घेतलं तर गाठीत बेंझिनचं कडं येतं आणि ती जास्त तापमान सोसते. पण एचक्यूईई १०० अंशांच्या आसपास वितळतं. मिश्रण किंवा साचा त्याच्या खाली गेला की ते साच्यातच स्फटिक होऊन बसतं आणि पार्टवर पांढऱ्या चांदण्या उमटतात. त्या चांदण्या दिसल्या की रेसिपीला दोष देऊ नका, साचा थंड होता.

यानंतर पीपीडीआय. जड भाराच्या, वेगानं फिरणाऱ्या रोलरसाठी, जिथे उष्णता आतूनच तयार होते, तिथे पैसे खर्च करायचे तर इथेच करा. त्याच्या पीयूमध्ये दर फेऱ्याला उष्णता कमी तयार होते, आणि झालेली जास्त सोसली जाते, दोन्हीकडून फायदा. मोकळं मोनोमर कमी असलेला प्रीपॉलिमरच मागा, कारण पीपीडीआय उडून हवेत जातो. साचा आणि क्युअर दोन्ही जास्त गरम लागतात, म्हणून ओव्हन तेवढा जातो का ते आधी बघा. एनडीआय गुणानं तोडीस तोड आहे, पण त्याचा प्रीपॉलिमर साठवणीत टिकत नाही, तयार करून लगेच वापरावा लागतो. लहान कारखान्यानं त्यात पडू नये.

रोलरच्या बाबतीत रसायनाआधी एक प्रश्न मालकाला विचारा: पीयूची जाडी कमी करता येईल का? जाड थरात उष्णता जास्त अडकते. लोखंडी गाभ्याचा व्यास वाढवून पीयूचा थर पातळ केला तर साधा टीडीआयसुद्धा तिथे टिकू शकतो.

धागे बदलायचे तर

इथे चूक धागा निवडण्यात असते, आणि ती सुधारणं सोपं आहे. गरम पाणी असेल तिथे पॉलिएस्टर नको, पीटीएमईजी घ्या. तेल आणि झीज यांमुळे एस्टरच हवा असेल तर कार्बोडायइमाइडचा स्टॅबिलायझर घाला. तो पाण्यानं तयार झालेल्या आम्लाला पकडतो, आणि पुढची साखळी तुटणं मंदावतं. पण तो पकडून पकडून संपतो, हे ग्राहकाला सांगून ठेवा.

गरम कोरडी हवा असेल तिथे पॉलिइथरला हिंडर्ड फिनॉलचा अँटिऑक्सिडंट हवाच. त्यातलं स्वस्त बीएचटी उडून जातं. जास्त रेणुभाराचा घ्या. आणि गरमी, तेल, पाणी आणि हवा सगळंच एकत्र असेल, जसं जुन्या हायड्रॉलिक प्रेसच्या सीलमध्ये असतं, तर पॉलिकार्बोनेट डायॉलचा धागा सर्वांत भरवशाचा. तो दाट असतो, ओतायला त्रास देतो, आणि त्याची उसळी पीटीएमईजीपेक्षा कमी, म्हणून वेगवान रोलरला तो नको. सीलला मात्र हाच.

शोधनिबंधांतले उपाय

इंटरनेटवर शोधलंत तर आयसोसायन्युरेट, इमाइड, ऑक्झाझोलिडोन, सिलिकॉन, नॅनो क्ले अशी नावं येतील. रसायनशास्त्र म्हणून ही सगळी खरी आहेत. आयसोसायन्युरेटचं कडं ३०० अंशांच्या पुढे टिकतं. कोल्ड स्टोरेजच्या पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट फोम) पॅनेलमध्ये तेच असतं, जिथे आयसोसायनेट इंडेक्स २५० च्या वर, म्हणजे लागेल त्याच्या अडीच पटीहून जास्त आयसोसायनेट, ठेवतात. पण ते ठिसूळ असतं. फोमला चालतं, रोलरला नाही. इमाइड करायला आयसोसायनेटवर अॅनहायड्राइड घातलं तर कार्बन डायऑक्साइड सुटतो; जाड ओतीव पार्टमध्ये म्हणजे आतून पोकळ. आधीच इमाइड असलेला डायॉल मिळाला तर ही अडचण टळते, पण असा डायॉल आपल्याला ड्रमनं मिळत नाही. सिलिकॉनचा धागा उष्णता सोसतो, पण पीयूत नीट मिसळत नाही आणि ताकद पडते.

या निबंधांतला एक आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. "थर्मल स्थिरता ३० अंशांनी वाढली" असं जे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा टीजीए यंत्रातलं असतं, म्हणजे पदार्थ तापवत गेल्यावर त्याचं वजन कधी कमी व्हायला लागतं ते. ते घडतं ३०० अंशांच्या आसपास. तुमचा स्क्रॅपर ९५ अंशांवर वजन गमावत नाही, आकार गमावतो. सप्लायरनं टीजीएचा कागद पुढे केला तर तो बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी मागा: १०० अंशांवरची हार्डनेस आणि टेन्साइल (ओढ सोसण्याची ताकद), १०० अंशांवर २२ तासांचा कॉम्प्रेशन सेट, आणि डीएमए चाचणीचा आलेख, ज्यात तापमानाबरोबर मोड्युलस (कडकपणा) कुठे कोसळतो ते दिसतं.

कुठे थांबायचं

फाउंड्रीच्या वाळूबद्दल स्पष्ट सांगतो. नॉकआउटच्या (साचा फोडून कास्टिंग काढण्याच्या जागेच्या) लगेच पुढच्या पट्ट्यावर परत येणारी वाळू १०० अंशांच्या वर असू शकते, आणि कास्टिंगचे निखाऱ्यासारखे तुकडे तर कितीतरी जास्त. तिथे कुठलाच पीयू लावू नका. स्क्रॅपर कूलरच्या पुढे सरकवा. हरकत नसेल तर वाळूत थर्मामीटर खुपसून दुपारच्या शिफ्टला, सलग ओतकाम चालू असताना, स्वतः मोजा. ऑफिसात सांगितलेलं तापमान आणि पट्ट्यावरचं तापमान यांत मोठा फरक निघतो. सतत १३० अंशांच्या वर काम असेल तर सिलिकॉन रबर, किंवा तेल नसेल तर ईपीडीएम रबर, असं ग्राहकाला सांगा. ऑर्डर गेली तरी चालेल.

राहिला जुना पीयू काढण्याचा प्रश्न, कारण रिकोटिंगची सुरुवात तिथून होते. शाफ्टवरचा जुना थर गॅसकटरनं जाळून काढायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. जळणाऱ्या पीयूतून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो. बंद शेडमध्ये, पावसाळ्यात दारं लावून हे करणं म्हणजे पोरांना विष देणं आहे. थर लेथवर टर्न करून काढा, शेवटचा पातळ पापुद्रा ब्लास्टिंगनं जाईल. पीयू लावलेल्या पार्टवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी तो पीयू काढा, मगच टॉर्च हातात घ्या.